स्वयंपाकघरातली प्रयोगशाळा : जिवाला बरं वाटणारं जेवण आणि थोडी सरमिसळ



आजचा पाठ पुस्तकातला नाही. तो सुरू होतो शाळेतल्या दुपारच्या ताटापासून, जातो माझ्या घरच्या गॅसपर्यंत आणि परत वर्गात येतो. मी काही पाककलेतली जाणकार नाही. डीएड केलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आणि संध्याकाळी इतर सगळ्यांसारखी घरी स्वयंपाक करते. पण मागच्या हिवाळ्यात एका मुलीमुळे मला स्वयंपाकाकडे शिक्षिकेच्या नजरेनं बघावं लागलं. त्यातून जे शिकले ते तुम्हाला उपयोगी पडेल असं वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

ताट तसंच परत यायचं

आमची शाळा पांढरकवड्याच्या बाजूला आहे. पैनगंगा ओलांडली की तेलंगणा. दिवाळीनंतर कापूस वेचणीचा जोर असतो, तेव्हा नदीपलीकडून मजूर कुटुंबं येतात आणि शेतातच राहतात. अशाच एका कुटुंबातली मुलगी दुसरीच्या वर्गात आली. घरी तेलुगू बोलायची. मराठी समजायचं थोडं, बोलायची त्याहून कमी.

पहिला आठवडाभर ती जेवलीच नाही. रांगेत बसायची, ताट समोर घ्यायची, खिचडीची चार शितं बोटानं इकडची तिकडे करायची आणि सगळ्यांचं झालं की उठायची. स्वयंपाक करणाऱ्या ताई मला म्हणाल्या, "मॅडम, हे पोट्टी जेवतच नाही जी. रोज ताट तसंच वापस येते."

मला आधी वाटलं, लाजत असेल. मग वाटलं, लाड झाले असतील. एक दिवस मी जरा आवाज चढवून "अन्न टाकू नये" असंही बोलले. ही माझी चूक होती, आणि ती मी इथे कबूल करते. मुलगी घाबरली आणि दुसऱ्या दिवशी ताट घ्यायलाच आली नाही.

हा विषय किती गंभीर आहे ते आकड्यांत बघा. पोषण आहार योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलाला दररोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य आणि ५० ग्रॅम भाजी असं प्रमाण ठरलेलं आहे. त्यातून सुमारे ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा हिशोब आहे. सकाळी चहा-पोळी किंवा नुसता चहा घेऊन आलेल्या मुलासाठी हे दिवसातलं सगळ्यात मोठं जेवण असतं. ते चुकलं की दुपारनंतर आपण फळ्यावर काय लिहितो याला काही अर्थ राहत नाही.

ही योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. मी तेव्हा शाळेत नुकतीच जायला लागले होते. शिजवलेलं अन्न नव्हतं, हजेरी भरली की महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचे. पिशवी घेऊन रांगेत उभं राहिल्याचं मला आठवतं. २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शाळेत शिजवलेलं गरम अन्न द्यायचं ठरलं. २०२१ पासून योजनेचं नाव 'पीएम पोषण' आहे, पण मुलांच्या तोंडी ती अजूनही 'खिचडी'च आहे. "मॅडम, खिचडी झाली का?" एवढंच मुलांना माहीत.

जिवाला बरं वाटणारं जेवण म्हणजे काय?

इंग्रजी मासिकांत आणि आता मोबाइलवरही 'कम्फर्ट फूड' हा शब्द फार दिसतो. आपल्याकडे यासाठी एक ठरलेला शब्द नाही, पण कल्पना प्रत्येकाला माहीत आहे. ताप आला की आई काय द्यायची? प्रवासातून दमून आलात की काय खावंसं वाटतं? कुणाला वरण-भात-तूप, कुणाला भाकरी आणि बेसन, कुणाला फोडणीचा भात. जे खाल्लं की 'आता घरी आलो' असं वाटतं, ते जेवण.

असं का होतं? यामागं तीन कारणं आहेत.

पहिलं, वास. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग वासाचा असतो. सर्दी झाली की जेवण बेचव लागतं ते त्यामुळंच. वासाचे संदेश मेंदूतल्या भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत इतर संवेदनांपेक्षा सरळ वाटेनं पोहोचतात. म्हणून लसणाच्या फोडणीच्या वासानं एकदम आजीचं घर आठवतं, त्यासाठी विचार करावा लागत नाही.

दुसरं, सवय. लहान मुलं अनोळखी अन्नाला घाबरतात. साधारण दोन ते सहा वर्षांच्या काळात ही भीती जास्त असते, पुढं हळूहळू कमी होते. हा हट्ट नाही. काय खाण्याजोगं आणि काय नाही हे ज्याला अजून कळत नाही, त्या जिवाची ती राखण आहे. नवा पदार्थ आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा समोर आला, जबरदस्ती झाली नाही, की मूल तो खायला लागतं. आपण मात्र दोनदा देऊन बघतो आणि "याला आवडतच नाही" असा शिक्का मारतो.

तिसरं, माणसं. ते जेवण ज्यांच्या हातचं खाल्लं त्यांच्याशी ते जोडलेलं असतं. गाव सुटतं, घर सुटतं, तेव्हा मोठी माणसं डब्यात लोणचं भरून घेतात. मुलाला काय न्यायचं ते विचारतं कोण?

आता त्या मुलीचं ताट परत बघा. भाषा नवी, चेहरे नवे, आणि ताटातला वासही नवा. आपली खिचडी आपल्याला घरची वाटते. तिला ती घरची का वाटावी?

खिचडी एकाच घरची नाही

तुम्ही म्हणाल, खिचडी तर सगळीकडंच असते. खरं आहे. १४व्या शतकात भारतात आलेला प्रवासी इब्न बतूता यानं लिहून ठेवलंय की इथले लोक मूग आणि तांदूळ एकत्र शिजवून तुपासोबत खातात. म्हणजे साडेसहाशे वर्षांहून जुनी नोंद झाली. तमिळ घरात पोंगल आहे, बंगालमध्ये पावसाळ्यात खिचुडी होते, चीनमध्ये आजारी माणसाला तांदळाची पेज देतात. इंग्रजांनी आपली खिचडी तिकडं नेली आणि डाळ काढून तिच्यात मासे आणि अंडी घातली, नाव ठेवलं 'केजरी'.

सगळ्यांचा सांगाडा एकच, मऊ भात आणि सोबत काहीतरी. पण ते 'काहीतरी' बदललं की घर बदलतं.

डाळ-तांदळाच्या जोडीमागं शास्त्रही आहे. प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यातला लायसिन नावाचा घटक तांदूळ-गहू-ज्वारीत कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. मेथिओनिन डाळीत कमी, तो धान्यात असतो. एकमेकांची उणीव दोघं भरून काढतात. वरण-भात, भाकरी-बेसन, इडली-सांबार, मेक्सिकोतला मका आणि राजमा या सगळ्या जोड्या हेच करतात. कुणी प्रयोगशाळेत बसून हे शोधलं नव्हतं. घरोघरी स्वयंपाक करणाऱ्या बायांनी पिढ्यान् पिढ्या करून बघितलं, आणि जे अंगी लागलं ते टिकलं.

'आपलं' आणि 'त्यांचं'

पालकसभेत एक वाक्य नेहमी ऐकू येतं, "आजकाल पोट्ट्यांना आपलं खायला नको, बाहेरचंच पाहिजे." पाकिटातल्या नूडल्सबद्दलची काळजी बरोबर आहे, त्यात मीठ आणि मैदा जास्त असतो. पण 'आपलं' म्हणजे नेमकं काय, हे एकदा तपासून बघण्यासारखं आहे.

उपासाची साबुदाणा खिचडी घ्या. याहून 'आपलं' काय असेल? साबुदाणा बनतो कसाव्याच्या कंदापासून, हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. (आपल्याकडं येणारा बराचसा साबुदाणा तामिळनाडूत सेलमच्या बाजूला तयार होतो.) फल्लीदाणे दक्षिण अमेरिकेतले. आलू तिथलाच. हिरवी मिरची मेक्सिकोच्या बाजूची. पोर्तुगीज १४९८ मध्ये समुद्रमार्गे भारतात आले, १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला, आणि पुढच्या काळात त्यांच्या जहाजांतून या गोष्टी एकेक करून इकडं आल्या. म्हणजे आपण उपासाला जे ताट देवापुढं ठेवतो, त्यातल्या चार मुख्य वस्तू सातासमुद्रापलीकडच्या आहेत.

आणखी बघा. ज्वारी हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आली. गहू पश्चिम आशियातून आला. हिंग इराण-अफगाणिस्तानातून येतो. आपल्या जिल्ह्यात कापसानंतर ज्याचं नाव घेतलं जातं ते सोयाबीन मूळचं चीनकडचं. आपल्या शेतातली तूर मात्र अस्सल भारतीय.

मुलांना हे सांगितलं की त्यांचे डोळे मोठे होतात. "मग मॅडम, आजीच्या आजीच्या आजीच्या भाजीत मिर्ची नव्हती?" त्यांच्याही खूप आधीच्या आज्यांच्या भाजीत नव्हती. तिखटासाठी मिरे होते, पिंपळी होती. परकी मिरची 'आपली' व्हायला कुणीतरी पहिल्यांदा ती भाजीत टाकून बघितली असेल, आणि तिच्या घरच्यांनी नाक मुरडलं असेल. मिसळ-प्रयोग ही आजच्या मोबाइलची देणगी नाही. स्वयंपाकघर पहिल्यापासून तेच करत आलंय.

माझ्या घरचा पहिला प्रयोग : वरणफळाचा पास्ता

माझा मुलगा तिसरीत आहे. त्याला पास्ता पाहिजे होता. आमच्याकडं वरणफळं म्हणजे चिकोल्या होतातच. कणकेची पोळी लाटायची, शंकरपाळ्यासारखे तुकडे कापायचे आणि उकळत्या वरणात सोडायचे. गुजरातेत यालाच दाल-ढोकळी म्हणतात. इटलीतही शेंगदाण्यांचं नाही पण राजम्यासारख्या दाण्यांचं पातळ कालवण करून त्यात पास्ता शिजवतात, गरिबाघरचं जेवण म्हणून ते प्रसिद्ध आहे. म्हणजे तिघी बहिणीच.

मी काय केलं? फळं बाटलीच्या झाकणानं गोल कापली, मधोमध चिमटा घेऊन फुलपाखरासारखी केली. वरणात टमाटे जास्त घातले, लसूण जास्त घातला, वरून सांबार टाकला. (इतर जिल्ह्यांतल्या वाचकांसाठी : आमच्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पुण्याची एक मैत्रीण आमच्याकडं आली तेव्हा "भाजीवर थोडा सांबार टाकू का?" असं विचारल्यावर ती इडली शोधत होती.) मुलगा दोन वाट्या जेवला. सासूबाई म्हणाल्या, "चांगल्या चिकोल्यायले पास्ता काहून म्हणतं व?" मी म्हटलं, "आई, नाव त्याचं, पीठ तुमचं."

पुढच्या वेळी हुशारी केली. गव्हाऐवजी ज्वारीचं पीठ घेतलं. फळं वरणात टाकली आणि पाच मिनिटांत सगळी विरघळून पिठलं झालं! हा फसलेला प्रयोगच मला वर्गात जास्त कामी आला. गव्हाच्या पिठात ग्लुटेन असतं, ते पाण्यात मळलं की रबरासारखी जाळी तयार होते आणि तुकडा धरून ठेवते. ज्वारीत ग्लुटेन नाही. म्हणून तर भाकरी लाटत नाहीत, थापतात, आणि ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळतात. गरम पाण्यानं पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो, तोच पीठ बांधून ठेवतो. तिसऱ्या वेळी मी उकळत्या पाण्यात ज्वारीचं पीठ मळलं, त्यात अर्धी कणीक मिसळली. या वेळी फळं टिकली. आजीला हे माहीत होतं, फक्त 'स्टार्च' हा शब्द माहीत नव्हता.

दुसरा प्रयोग : अंबाडी आणि गोंगूरा

आता परत त्या मुलीकडं येऊ.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिच्यासोबत शेतावर गेले. तिची आई वेचणीवरून आलेली होती. आमच्या दोघींची भाषा तुटकी. हातवारे, थोडं हिंदी, बाकी त्या मुलीनं जमवलं. तीन विटांच्या चुलीवर भात शिजत होता आणि बाजूला एका गंजात हिरवट-काळपट काहीतरी. वास आला आणि मी एकदम म्हटलं, "अंबाडी!" ती म्हणाली, "गोंगूरा."

कपाशीच्या धुऱ्यावर जी अंबाडी उभी असते, जिची आंबट भाजी आपण ज्वारीच्या कण्या घालून करतो आणि भाकरीसोबत खातो, तीच तेलुगू घरांतली गोंगूरा. वनस्पती एक, नावं दोन. आपण पानं उकडून, पिळून आंबटपणा कमी करतो. तिकडं पानं तेलात परतून शिजलेल्या वरणात मिसळतात आणि आंबटपणा राहू देतात. त्या मुलीला घरी रोज आंबट-तिखट वरण-भात होता. आमची हळदीची खिचडी तिला फिकी लागत होती. एवढंच साधं कारण होतं, आणि ते शोधायला मला जवळजवळ तीन आठवडे लागले.

रविवारी घरी करून बघितलं. घाईत मी तुरीची डाळ आणि अंबाडीची पानं एकत्रच कुकरला लावली. नेहमीच्या शिट्ट्या झाल्या, झाकण उघडलं तर डाळ दाताखाली कचकच. पुन्हा शिट्ट्या केल्या, तरी धड शिजेना. कारण शोधलं तेव्हा कळलं, आंबट पदार्थामुळं डाळीच्या दाण्याला घट्ट धरून ठेवणारा भाग लवकर सैल होत नाही. म्हणूनच चिंच, आमसूल, टमाटे डाळ शिजल्यावर घालतात. जड पाण्यानंही हेच होतं, त्यातल्या कॅल्शियममुळं डाळ शिजायला वेळ लागतो. आपल्या भागात विहीर-बोअरचं पाणी जड असतं, तेव्हा डाळ तासभर आधी भिजवणं हा सोपा उपाय. खायचा सोडा टाकला तर डाळ लवकर शिजते, पण त्यानं ब१ जीवनसत्त्व नष्ट होतं, म्हणून शक्यतो टाळावा.

दुसऱ्या वेळी नीट केलं. प्रमाण देते :

- तुरीची डाळ १ वाटी, भिजवून, हळद घालून वेगळी मऊ शिजवून घ्या.
- अंबाडीची कोवळी पानं चिरून २ वाट्या. थोड्या तेलात लसूण, हिरवी मिरची परतून त्यात पानं टाका. पाच-सात मिनिटांत ती आपोआप गळून लगदा होतो.
- दोन्ही एकत्र करा, मीठ, सुपारीएवढा गूळ, लागेल तसं पाणी घालून एक उकळी आणा.
- वरून मोहरी-जिरे-लसणाची फोडणी.

भातासोबत द्या, भाकरीसोबतही छान लागतं. अंबाडी लोखंडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात जास्त वेळ ठेवू नका, आंबट असल्यामुळं भांड्याचा धातू भाजीत उतरतो. स्टीलचं बरं.

मग मुख्याध्यापक आणि स्वयंपाकाच्या ताईंशी बोलले. ठरलेलं प्रमाण आणि वस्तू बदलायच्या नव्हत्या. भाजीच्या वाट्यात एक दिवस अंबाडी बसवायची होती, एवढंच. ताई म्हणाल्या, "मॅडम, आंबट झालं तं पोट्टे ताटं फेकून देतीन." त्यांचं म्हणणं बरोबर होतं. म्हणून खिचडीत न मिसळता अंबाडीचं वरण वेगळं केलं आणि ज्याला पाहिजे त्याला वाढलं. नियमाप्रमाणं आधी आम्ही चव घेतली.

ती मुलगी त्या दिवशी पूर्ण ताट जेवली असं लिहिलं तर छान वाटेल. तसं झालं नाही. तिनं वास घेतला, माझ्याकडं बघितलं, आणि सहा-सात घास खाल्ले. पण शेजारच्या पोरीनं विचारलं, "हे काय होय?" तेव्हा ती पहिल्यांदा वर्गात मोठ्यानं बोलली : "गोंगूरा." मग आठवड्यातून एकदा हे वरण होऊ लागलं. जानेवारीपर्यंत ती साधी खिचडीही खायला लागली होती, वरून लिंबू पिळून. ओळखीच्या आंबट चवीचा हात धरून ती अनोळखी ताटापर्यंत आली. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळं डाळ-भाजीतलं लोहही अंगी जास्त लागतं, तो फायदा वेगळाच.

वर्गात हा पाठ कसा घ्यावा?

तिसरी-चौथीसाठी मी चार कृती केल्या. परिसर अभ्यास, गणित, भाषा तिन्ही येतात.

१. नावांचा तक्ता. प्रत्येक मुलानं घरी एका भाजीला, धान्याला किंवा पदार्थाला काय म्हणतात ते विचारून आणायचं. आमच्या वर्गात मराठी, बंजारा, गोंडी, कोलामी, तेलुगू अशी नावं फळ्यावर आली. कोलामी बोलणाऱ्या एका मुलाला वर्गात कधी कुणी काही विचारत नव्हतं, त्या दिवशी सगळे त्यालाच विचारत होते.

२. ताटाचा नकाशा. जगाच्या नकाशावर मिरची, आलू, ज्वारी, तूर, गहू, हिंग कुठून आले तिथं टिकली लावायची आणि दोऱ्यानं यवतमाळला जोडायचं.

३. बेचाळीस जणांची खिचडी. पटावर ४२ मुलं, प्रत्येकी १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ, तर एकूण किती? ४ किलो २०० ग्रॅम तांदूळ, ८४० ग्रॅम डाळ. आज ३५ हजर असतील तर? भाजी प्रत्येकी ५० ग्रॅम, तर किती किलो आणायची? पुस्तकातल्या उदाहरणात न रमणारी मुलं इथं बोटं मोडून हिशोब करतात.

४. एका वेळी एकच बदल. हा सगळ्यात महत्त्वाचा. लिंबू सरबताचे तीन पेले करायचे. साखर आणि पाणी तेवढंच ठेवून फक्त लिंबू बदलायचं, आणि चव नोंदवायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशामुळं पडला ते कळत नाही. विज्ञानातला प्रयोग म्हणजे हेच.

मोजमापावरून आठवलं. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' हे पुस्तक १९७० साली आलं. शाळेचं शिक्षण थोडंच झालेल्या या बाईंनी प्रमाण दिलं ते वाटी-चमच्यात, म्हणजे ज्या मापाची भांडी प्रत्येक घरात असतात त्यात. 'अंदाजानं घाला' म्हटलं की ज्ञान त्या एका हातात राहतं, 'पाऊण वाटी' म्हटलं की ते दुसऱ्याला देता येतं. पाव, अर्धा, पाऊण हे अपूर्णांक शिकवायला वाटीपेक्षा चांगलं साधन मला अजून सापडलेलं नाही.

पालकांसाठी थोडं

- नव्या पदार्थासोबत एक ओळखीचा पदार्थ ताटात ठेवाच. अख्खं ताट नवं नको.
- जबरदस्ती नको, आमिषही नको. "भाजी खाल्ली तर चॉकलेट" म्हटलं की भाजी शिक्षा होते आणि चॉकलेट बक्षीस.
- मुलांना हात लावू द्या. पानं निवडणं, फळं कापणं, मोड आणणं. स्वतः केलेलं मूल चाखून तरी बघतं.
- एखाद्या मुलाला शेंगदाणे, दूध, अंडी सोसत नसतील तर शिक्षकांना आधी सांगा. कोण काय खातं, काय खात नाही, याचा मान ठेवा.
- दुसऱ्याच्या डब्याला नाव ठेवू देऊ नका. हे मी हात जोडून सांगते. भाकरीचा डबा झाकणाआड लपवून खाणारी मुलं मी बघितली आहेत. "शी, काय वास येतो" हे एक वाक्य मुलाला स्वतःच्या घराची लाज वाटायला लावतं.

२०२४ मध्ये राज्यानं शाळेच्या आहारासाठी वेगवेगळ्या पाककृतींची यादी दिली, ती चांगली गोष्ट आहे. पण यादीत आपल्या वर्गातल्या प्रत्येक घराची चव मावणार नाही. ती जागा परसबागेनं आणि आपण भरायची. अंबाडीला फार काही लागत नाही, पावसाळ्याच्या सुरुवातीला कुंपणाच्या कडेनं बी टाकलं की येते.

वेचणी संपली आणि फेब्रुवारीत ते कुटुंब निघून गेलं. कुठं गेलं ते सांगता येत नाही, वीटभट्टीवर म्हणून ऐकलं. शाळेच्या नोंदीत तिच्या नावापुढं 'स्थलांतर' एवढाच शब्द आहे. तिला मराठी वाचायला मी फार शिकवू शकले नाही, जेमतेम अक्षरओळख झाली. पण आमच्या वर्गातली मुलं अजूनही त्या वरणाला गोंगूराच म्हणतात, आणि त्या दिवशी ताटं रिकामी येतात.

तुमच्या वर्गात असं परत येणारं ताट असेल तर आधी त्या घरी काय शिजतं ते विचारा. मी तीन आठवडे उशीर केला, तुम्ही करू नका.